ठाण्याच्या अलीकडे

मी नववीत गेले त्या वर्षी आम्ही नायगावच्या चाळीतून मुलुंडला राहायला आलो. गृहनिर्माण मंडळाच्या सोडतीत बाबांचा नंबर लागला होता. एक खोली, स्वयंपाकघर, आत नळ, आत संडास. आईने पहिल्या दिवशी तो नळ उगाचच दोन-तीनदा सोडून बंद केला आणि हसली. साताऱ्याकडच्या गावात तिला नदीवरून पाणी आणावं लागायचं आणि गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. त्यामुळे त्या नळाचं तिला काय वाटलं असेल, ते मला मोठं झाल्यावर कळलं.

इमारत नवीन होती. बऱ्याच लोकांनी चाव्या घेतल्या होत्या, पण राहायला आले नव्हते. आमच्या मजल्यावर समोर कुलूप, बाजूला कुलूप. जिन्यात ओल्या रंगाचा वास यायचा. मागच्या खिडकीतून मिठागरं दिसायची, लांबपर्यंत पांढरी, आणि त्यांच्या पलीकडे खाडी. दुपारी त्या पांढऱ्यावर ऊन पडलं की डोळे दुखायचे. चाळीत दार लावायची पद्धत नव्हती. कोणाकडे काय शिजतंय, कोणाचं कोणाशी भांडण आहे, सगळं सगळ्यांना माहीत असायचं. इथे मी शाळेतून येऊन दार लावलं की आई परत येईपर्यंत मला माणसाचा आवाज ऐकू यायचा नाही.

बाबा आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी असली की अंधारातच निघायचे. आईने भांडुपला शिवणकामाची नोकरी धरली होती. मोठा भाऊ त्याच वर्षी इंजिनिअरिंगला औरंगाबादला गेला. तो असता तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. कदाचित नसतीही झाली.

शाळेत कोणी मला त्रास दिला नाही, हे आधी सांगते, कारण पुढे सगळे मला तेच विचारत राहिले. वर्गातल्या मुली पाचवीपासून एकत्र होत्या. त्यांचे बाक ठरलेले, डबे खायच्या जागा ठरलेल्या. एकीने विचारलं, "कुठून आलीस गं?" मी म्हटलं, "नायगाव." मग तिने आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा." एवढंच. त्या 'अच्छा'मध्ये काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण त्यानंतर ती माझ्याशी बोलताना जपून बोलायची, आणि कोणी आपल्याशी जपून बोलायला लागलं की आपणही गप्प होतो.

ते कधी सुरू झालं हे मला सांगता येणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी बरी होते की नव्हते, आठवत नाही. एवढं आठवतं की पहाटे खूप लवकर जाग यायची आणि छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. वेणी घालताना हात दुखायचे. पुस्तक उघडलं की एकच ओळ परत परत वाचायचे आणि ती आत जायची नाही. आई ताटात वाढायची, मी कालवून ठेवायचे. रडू यायचं नाही. रडू आलं असतं तर निदान कोणाला काही कळलं असतं.

आईला वाटलं, अशक्तपणा आहे. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी लाल टॉनिक दिलं. मग डोळे तपासून झाले, चष्मा लागला नाही. आत्या एका रविवारी आली, मला न्याहाळून म्हणाली, "पोरीला नजर लागलीय. नवी जागा घेतलीत, लोकं जळतात. उतरवून टाक गं."

बाबा खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाले, "आपल्या घरात ते चालणार नाही. सोडलं ते सगळं आपण."

बरोबर होतं त्यांचं. आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती, रोज वंदना व्हायची, आणि अंगारे-धुपारे आजोबांच्या वेळेलाच गेले होते. पण त्यांच्या जागी अशा वेळी काय करायचं असतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आत्या गेल्यावर बाबा मला म्हणाले, "माझ्या आईनं खडी फोडून मला शिकवलं. तुला शाळा आहे, वर पंखा आहे, खायला आहे. तुला कमी काय आहे, सांग."

मी खरंच विचार करून पाहिला. कमी काहीच नव्हतं. तेव्हापासून मी जास्तच गप्प झाले. ज्या घरात सगळ्यांनी एवढं सोसलं, तिथे काही कारण नसताना वाईट वाटायचा मला हक्कच नाही, असं मला वाटायला लागलं.

जानेवारीत एके दिवशी मी शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि मला आत जाता येईना. भीती वगैरे नव्हती. पाय उचलेनात. प्रार्थनेची घंटा झाली, फाटक बंद झालं, आणि मी वळून चालायला लागले. चालत चालत मिठागरांपाशी पोचले. बांधावर बसले. लांब काही बाया-माणसं फळ्या ओढून मीठ गोळा करत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपापल्या कामाला लागली. शाळा सुटायच्या वेळेला मी घरी आले, दप्तर ठेवलं, आमटी-भात झाकलेला होता तो तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग रोजच. आई मला दारातून निरोप द्यायची, "नीट जा गं," म्हणायची, आणि मी गणवेशात मिठागरावर जाऊन बसायचे. मला तिथे बरं वाटायचं असं नाही. फक्त तिथे कोणी काही विचारत नव्हतं. पायाखाली पाणी आणि समोर पांढरे ढीग. पुढे कधीतरी मला असं वाटायला लागलं की उद्या आपल्याला जागच आली नाही तर किती बरं होईल. हा विचार मला भयंकर वाटला नाही, तर विसाव्यासारखा वाटला. आज मी हे लिहिताना घाबरते. तेव्हा घाबरत नव्हते.

आमच्या वर्गशिक्षिका भूगोल शिकवायच्या. निवृत्तीला आलेल्या, जाड काचांचा चष्मा, आवाज करडा. भाजीबाजारात त्यांना आई भेटली. त्या म्हणाल्या, "मुलगी आजारी आहे ना? आता कशी आहे?"

आई म्हणाली, "आजारी कुठं? रोज येती की शाळेत."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. आई नंतर मला सांगायची की त्या क्षणी तिच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली आणि बाईंनीच ती उचलून पिशवीत घातली.

त्या संध्याकाळी बाबा कामावरून आल्यावर आईने त्यांना सांगितलं. बाबांनी चपलाही काढल्या नाहीत. माझ्यासमोर उभे राहिले.

"कुठं जात होतीस?"

"मिठागरावर."

"कोणाबरोबर?"

"कोणी नाही."

"खरं सांग. कोण मुलगा आहे?"

"कोणी नाही, बाबा."

त्यांचा हात वर गेला. आई मध्ये आली. मी हललेच नाही, आणि बहुधा त्यामुळेच ते थांबले. मार चुकवायला सुद्धा मी हलले नाही, हे त्यांना दिसलं असणार. हात खाली घेऊन ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "मग काय करतेस तिथं जाऊन?"

"बसते."

"आणि?"

"काही नाही. मला काही वाटतच नाही, बाबा. शाळेत जावंसं वाटत नाही, घरी यावंसं वाटत नाही. सकाळी जागच आली नाही तर बरं होईल, असं वाटतं."

मी हे इतक्या साधेपणाने बोलले की आईला आधी समजलंच नाही. बाबांना समजलं. ते खाली बसले, जमिनीवर, चपलांसकट. खूप वेळ कोणी दिवा लावला नाही.

रविवारी भूगोलाच्या बाई आमच्या घरी आल्या. आईने त्यांना ठेवणीतल्या कपात चहा दिला. आमच्या घरी शाळेतलं कोणी कधी आलं नव्हतं. बाईंनी चहा पूर्ण प्यायला आणि मग बाबांना म्हणाल्या, "तिला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं."

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे... ठाण्याला?"

मुलुंडच्या पुढचं स्टेशन ठाणं. तिथे मनोरुग्णालय असल्यामुळे आमच्या शाळेत कोणी वेड्यासारखं वागलं की पोरं ओरडायची, "ए, हिला पुढच्या स्टेशनला उतरवा रे!" सगळे हसायचे. मीही हसले असेन. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, मला ठाण्याला ठेवणार का?"

"कोणी कुठे ठेवत नाही गं," बाई म्हणाल्या. "शहरात महापालिकेचं मोठं इस्पितळ आहे. तिथे कानाचा, डोळ्याचा विभाग असतो तसा मनाचाही असतो. जायचं, बोलायचं, औषध घ्यायचं, घरी यायचं." मग बाबांकडे वळून त्या थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या मुलीच्या वेळी आम्ही लाजत बसलो. उशीर झाला. तुम्ही बसू नका."



बाबांनी पाळी बदलून घेतली. इस्पितळात आम्ही बसने गेलो. लोकल गाडीने लवकर पोचलो असतो, पण गाडीत कारखान्यातलं कोणीतरी भेटेल, असं त्यांना वाटलं. भांडुप, विक्रोळी, घाटकोपर करत बस कुर्ल्याच्या पुढे गेली तोवर बाबा खिडकीबाहेरच बघत होते. उतरताना मात्र त्यांनी माझा हात धरला. मी लहान होते तेव्हा धरायचे तसा, मनगटाला.

त्या विभागाच्या बाहेर लांब बाक होते आणि ते भरलेले होते. मला वाटलं होतं, तिथे लोक ओरडत असतील, केस उपटत असतील. तिथे एक म्हातारे आजोबा पेंगत होते, एक बाई स्वेटर विणत होती, एक माणूस ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन बसला होता. दातांच्या दवाखान्यात असतात तशी माणसं.

डॉक्टर बाई होत्या. ठेंगण्या, घाईत असलेल्या, टेबलावर अर्धा खाल्लेला चिकू. त्यांनी बाबांना बाहेर बसायला सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की इथे काहीतरी वेगळं आहे. आतापर्यंत माझ्याबद्दल सगळे बोलत होते, पण माझ्या डोक्यावरून.

"झोप कशी लागते?" त्यांनी विचारलं.

"लागते. पण पहाटे मोडते."

"मग परत लागते?"

"नाही."

"पहाटे जास्त वाईट वाटतं की संध्याकाळी?"

मी चकित झाले. हे त्यांना कसं माहीत? "पहाटे," मी म्हटलं. "संध्याकाळी थोडं बरं असतं."

त्या लिहीत होत्या. मग पेन खाली ठेवून, माझ्याकडे सरळ बघत त्यांनी विचारलं, "मरावंसं वाटतं?"

एवढा मोठा प्रश्न त्यांनी किती साध्या आवाजात विचारला! मी म्हटलं, "जागच येऊ नये, असं वाटतं."

"स्वतःला काही करावं, असं?"

"नाही. अजून नाही."

"तसं वाटलं तर त्याच दिवशी आईला किंवा वडलांना सांगायचं. रात्र आहे, ते दमलेत, असं काही बघायचं नाही. उठवायचं. कबूल?"

"कबूल."

आणि तेव्हा मला रडू आलं. कित्येक महिन्यांनी. डॉक्टरांनी थांबवलं नाही, चिकूची ताटली बाजूला सारली आणि मला टेबलावर डोकं ठेवू दिलं.

मग त्यांनी बाबांना आत बोलावलं. "ही आळशी नाही आणि नखरेही करत नाही. हा आजार आहे, आणि बरा होतो. गोळ्यांनी गुण यायला काही आठवडे लागतील, धीर सोडू नका. गोळ्या आईच्या ताब्यात राहतील. दुपारी तिला एकटी ठेवू नका. संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला जा. आणि 'तुला कमी काय आहे' असं विचारू नका."

बाबा दचकले. मी त्यांच्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. बहुधा सगळेच बाप तेच विचारत असावेत.

बाबा फिटर माणूस. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायचं, ही सवय. त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी मला घेऊन चालायला निघायचे. काय बोलायचं हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून ते मशीनबद्दल बोलायचे. बेअरिंग गरम झालं की आवाज कसा बदलतो, तेल कुठून सोडायचं, आज कोणता पट्टा तुटला. मला त्यात काही समजायचं नाही आणि मी उत्तरही द्यायचे नाही. आम्ही कॉलनीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचो. आईने भांडुपचं काम सोडलं आणि घरी कपडे शिवायला घेतले. तिच्या मशीनचा आवाज दुपारभर चालायचा. त्या आवाजात मला झोप लागायची.

शाळेत मी परत जायला लागले. आठवड्यातून एकदा अर्ध्या दिवसाची सुट्टी घ्यायचे. मुलींना सांगितलं, डोळ्यांचे उपचार चालू आहेत. खोटं बोलायला आईनेच शिकवलं होतं. नातेवाइकांनाही तेच सांगितलं. माझ्या आजाराचं नाव घरात कोणी घेत नव्हतं. बाबा म्हणायचे, "आज तिकडं जायचंय." 'तिकडं' म्हणजे कुठे ते आम्हा तिघांनाच माहीत होतं. गोळ्यांनी पहाटेचा पाटा हळूहळू हलका व्हायला लागला, पण एकटेपणा गोळ्यांनी गेला नाही. उलट, आता लपवायलाही काहीतरी होतं.

मग एके दिवशी त्या बाकावर मला माझ्या वर्गातली एक मुलगी दिसली. सगळ्या वर्गाला हसवणारी. सरांच्या, बाईंच्या नकला करणारी. ती तिच्या आईबरोबर बसली होती. तिनेही मला पाहिलं. दोघींनी एकदम माना फिरवल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाण्याच्या नळापाशी ती तिच्या मैत्रिणींबरोबर होती. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "काल तू..."

"काल काय?" ती मोठ्याने म्हणाली. "मी तर काल मावशीकडे होते." आणि लगेच तिने कोणाची तरी नक्कल केली, सगळ्या हसल्या. मी पाणी न पिताच वर्गात गेले.

पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा ती परत तिथे होती. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून बाबा तिच्या आईच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने ते दोघं गॅसच्या नंबराबद्दल बोलायला लागले. कोणाचा किती वर्षांनी लागला, रॉकेल कुठे मिळतं. आम्ही दोघी दोन टोकांना. मग ती उठून माझ्या बाजूला येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं पण तोंड कोरडं पडतं का गं त्या गोळीने?"

"फार. जीभ टाळूला चिकटते."

"मग नकला करताना माझी काय वाट लागत असेल, विचार कर."

मला हसू आलं. तिने फ्रॉकच्या खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढल्या, एक मला दिली. "ही चघळ. बरं वाटतं."

त्यानंतर इस्पितळात आम्ही भेटायचो आणि शाळेत अनोळखी असायचो. असं काही ठरवलं नव्हतं. तिथल्या बाकावर ती मला तिच्या घरातलं सांगायची. वडील बोलत नाहीत म्हणून घरात कोणी मोठ्याने हसत नाही, आणि शाळेत आली की सगळ्यांना हसवल्याशिवाय तिला राहवत नाही, आणि घरी गेली की ती न्हाणीघरात बसून राहते. मी मिठागराबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "मला का नाही बोलावलंस, यार?" जणू मी सहलीला गेले होते. त्या वर्षी मला मैत्रीण होती ती एवढीच, आठवड्यातून एकदा, नंबर पुकारला जाईपर्यंत.

मे महिन्यात त्या बाकावर ती दिसली नाही. जूनमध्ये दहावीचा वर्ग भरला तेव्हा शाळेतही नव्हती. कोणी म्हणालं, बोरिवलीला राहायला गेले, कोणी म्हणालं, मामाकडे नाशिकला. मी विचारत विचारत तिच्या इमारतीपाशी गेले. दारावर दुसऱ्याच नावाची पाटी होती. डॉक्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दुसऱ्या पेशंटबद्दल मला बोलता येत नाही, बाळ. तुझ्याबद्दल कोणी विचारलं तर तेही नाही सांगणार." बरोबर होतं. पण ती कशी आहे, आहे की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. हसवणारी मुलगी दिसली की मी जरा जास्त वेळ तिच्याकडे बघते.

दहावीला मला दुसरा वर्ग मिळाला. बाबांनी पेढे वाटले. भूगोलाच्या बाईंना द्यायला गेले तर त्या निवृत्त होऊन पुण्याला गेल्या होत्या. गोळ्या कमी होत होत कॉलेजच्या पहिल्या वर्षात बंद झाल्या. त्यानंतर तो आजार एकदाच परत आला, आणि तेव्हा मी स्वतः उठून 'तिकडं' गेले. समोरच्या बिऱ्हाडाचं कुलूप एव्हाना निघालं होतं, पण आमच्या दोन्ही घरांची दारं बंदच असायची. नव्या जागेची तीच रीत होती.

काही वर्षांनी चुलत बहिणीच्या लग्नाला आम्ही घाटकोपरला गेलो होतो. मांडवात जेवणं चालली होती. आईच्या शेजारी नात्यातलीच एक बाई आपल्या मुलाबद्दल सांगत होती. अकरावीला आहे, खोलीतून बाहेर येत नाही, जेवत नाही, वडलांनी मारून पाहिलं.

आई ताटातला हात थांबवून म्हणाली, "माझ्या पोरीला झालं होतं तसं. मनाचा आजार होता. डॉक्टरला दाखवलं, बरी झाली."

तिने हे सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात सांगितलं. मी हातात पाण्याचा जग घेऊन उभी होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. ती बाईसुद्धा ताट उचलून निघून गेली. आई एकटीच बसून जेवत राहिली. मी तिच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले.

"कशाला सांगितलंस?" मी विचारलं.

"का? खोटं हाय का?" ती म्हणाली आणि मला भात वाढून घ्यायला सांगितलं.

आम्ही निघालो तेव्हा ती बाई मांडवाच्या बाहेर कनातीपाशी उभी होती. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ती पुढे आली आणि आईचा दंड धरून कुजबुजली, "वहिनी, ते डॉक्टर कोणत्या वारी बसतात?"